पेढीवरील दगडी फरशी : तिची निगा व तिचे पुनरुज्जीवन

आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. दगडाविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार तो काय, असा प्रश्न सभासद बंधूंस पडणे साहजिक आहे. त्यास आमचे उत्तर एवढेच की, आमच्या पेढीची चांगली फरशी आम्ही स्वतःच्या हातांनी बिघडविली, त्या बिघाडाची किंमत आमच्या एका वृद्ध दिवाणजींना मोजावी लागली, आणि पुढे ती फरशी पूर्ववत् करविताना मिस्त्र्यांच्या शेजारी बसून आम्हांस बरेच काही शिकावे लागले. आपल्या संस्थेच्या इमारतीच्या तळमजल्यावरील शहाबादी फरशी उखडून तेथे चकचकीत टाइल्स बसवाव्यात, असा विचार कार्यकारिणीपुढे आला आहे. बेळगावच्या जुन्या पेठेतील कित्येक दुकानांतूनही हेच चालले आहे. तेव्हा निर्णय होण्यापूर्वी आमचा अनुभव सर्वांपुढे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम आपल्या पायांखाली कोणता दगड आहे, हे ओळखावे. आपल्या भागातील दुकाने, वखारी व कचेऱ्या यांतून आढळणाऱ्या दगडांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादचा, तेलंगणातील तांडूरचा, आंध्रातील कडप्प्याचा काळा आणि राजस्थानात रामगंज मंडीच्या बाजूस निघणारा कोटा, हे सर्व दगड चुनखडीच्या जातीचे होत. राजस्थानातील मकराण्याचा संगमरवर हाही मुळात चुनखडीच; भूगर्भातील उष्णता व दाब यांमुळे तिचे कण नव्याने जुळून तो शुभ्र व घट्ट झालेला असतो. दुसरा वर्ग ग्रॅनाइटचा. आपल्याकडे बागलकोट जिल्ह्यातील इलकलचा लालसर ग्रॅनाइट सर्वांस परिचित आहे. त्यात गारेचा अंश पुष्कळ असल्यामुळे तो फार कठीण असतो.

दोन्ही वर्ग ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. कपाटामागील एखाद्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावेत आणि पाच मिनिटांनी पुसून घ्यावेत. तेथे फिकट, निस्तेज डाग उमटला, तर दगड चुन्याच्या जातीचा समजावा. ग्रॅनाइटवर असा डाग उमटत नाही. ही परीक्षा दुकानाच्या दर्शनी भागात मात्र करू नये, कारण तो डाग पुसून जाणारा नसतो. तेथील दगडच तेवढा झिजलेला असतो.

आता चकाकी म्हणजे काय, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, घोटलेल्या फरशीवर काहीतरी लेप दिलेला असतो व तो उडाला म्हणजे फरशी निस्तेज होते. ही समजूत चुकीची आहे, आणि फरश्यांची बहुतेक नासाडी तिच्यातूनच होते. घोटलेल्या दगडाची चकाकी ही दगडाची स्वतःची असते. पृष्ठभागावरील ओरखडे इतके सूक्ष्म केलेले असतात की प्रकाश इतस्ततः न विखुरता सरळ परततो. एवढेच तिचे रहस्य. घासाईची कृती आपल्या धंद्यातील चाळणीसारखी आहे. प्रथम जाड चाळण, मग तिच्याहून बारीक, मग त्याहून बारीक. घासाईचे दगड वा चकत्या याच रीतीने क्रमांकाने चढत जातात : 60, 120, 220, 400 आणि पुढे 800, 1500, 3000. प्रत्येक क्रमांकाचे काम मागील क्रमांकाचे ओरखडे काढण्याचे. मधला एखादा टप्पा गाळला, तर पुढे कितीही घासले तरी जुने ओरखडे तिरप्या उजेडात दिसतच राहतात. घाईत असलेला ठेकेदार बहुधा हाच टप्पा गाळतो. पूर्वी हे काम कुरुंदाने होत असे. 1891 साली अमेरिकेत अचेसन यांनी कार्बोरंडम तयार केल्यापासून त्याच्या वड्या प्रचारात आल्या, आणि अलीकडे हिऱ्याच्या भुकटीच्या चकत्या सर्वत्र वापरल्या जातात.

चकाकी दगडाचीच असल्यामुळे तिचे खरे शत्रू दोनच ठरतात : तिला ओरखडणारी धूळ आणि तिला खाणारे आम्ल. जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोहस यांनी 1812 साली खनिजांच्या कठीणपणाची जी श्रेणी लावली, तीत चुनखडीचे खनिज 3 या क्रमांकावर व गारगोटी 7 या क्रमांकावर आहे. रस्त्यावरून पादत्राणांबरोबर येणारी वाळू म्हणजे गारगोटीचाच चुरा. तेव्हा शहाबादी वा कोटा फरशीवर वाळूचा कण चिरडला गेला की ओरखडा ठरलेला. आमचे वडील, ज्यांस आम्ही अण्णा म्हणत असू, पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढल्याखेरीज कोणास पेढीवर पाऊल टाकू देत नसत. मोठमोठ्या आडत्यांनाही ही सवलत नव्हती. गादीचा मान हे तर कारण होतेच. परंतु 1958 साली बसविलेली ती फरशी साठ वर्षे एकदाही न घासता टिकली, याचे श्रेय आम्ही आज त्या अनवाणी पावलांना देतो. पुढे आम्ही ती शिस्त सैल केली. काळच तसा आला होता, असे आम्ही त्या वेळी म्हणत असू.

आता आमच्या चुकीची हकीकत. 2016 सालच्या दिवाळीपूर्वी वह्यापूजनासाठी पेढी साफ करावयाची होती. फरशीवर तेलाचे, चिंचेचे व वजनांच्या गंजाचे डाग पडले होते. साफसफाईच्या ठेकेदाराने सांगितले, "शेठ, ॲसिड मारतो, तासाभरात आरसा होईल." आम्ही होकार दिला. ओतताक्षणी सर्वत्र फेस उसळला, आणि तो मळ निघत असल्याचे लक्षण समजून आम्ही समाधानाने पाहत उभे राहिलो. वास्तविक तो फेस आमच्या फरशीचाच होता. चुनखडीवर हे ॲसिड पडले की दगड विरघळतो, कर्बवायू बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो आणि मागे एक क्षार उरतो. हा क्षार हवेतील ओलावा ओढून घेणारा. त्यामुळे पुढील पावसाळ्यात आमची फरशी कोरडी अशी राहीनाच. सांध्यांतील सिमेंट भुसभुशीत झाले. ॲसिडच्या वाफेने दाराचे शटर व मोठा काटा यांवर आठ दिवसांत गंज चढला, तो निराळाच. येथे एक गंभीर सूचना देऊन ठेवतो. ॲसिड व ब्लीचिंग पावडर ही दोन्ही एकत्र कधीही येऊ देऊ नयेत. त्यांतून क्लोरीन वायू निघतो व बंद खोलीत तो प्राणघातक ठरू शकतो.

एक चूक झाकावयास आम्ही दुसरी केली. निस्तेज झालेल्या फरशीवर 2017 च्या उन्हाळ्यात चकाकीचा लेप देवविला. महिनाभर ती खरोखरच आरशासारखी दिसली. आषाढात पाऊस लागला, पोत्यांबरोबर पाणी आत आले, आणि एके दिवशी सकाळी आमचे दिवाणजी वह्या घेऊन गादीकडे येत असता त्यांचा पाय घसरला. वय वर्षे बहात्तर. मांडीचे हाड मोडले. चाळीस वर्षे ज्या फरशीवर ते डोळे मिटून चालले असते, तीच आम्ही त्यांच्यासाठी परकी करून ठेवली होती. रुग्णालयात आम्ही भेटावयास गेलो, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "धाकटे मालक, वह्या भिजल्या नाहीत ना?" आम्हांस उत्तर देणे कठीण गेले. ते नंतर काठी घेऊन चालू लागले, पण गादीवर पुन्हा बसले नाहीत. चालताना भूमी पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती आपणांस बालपणापासून शिकविली जाते. परंतु भूमीच दगा देणारी करून ठेविली, तर पाहून चालणाऱ्याने तरी काय करावे?

लेपाचा दुसराही दोष पुढे ध्यानी आला. जुन्या इमारतींत फरशीखालून ओल वर चढते. दगड मोकळा असेल तर ती हळूहळू हवेत निघून जाते. वरून लेपाने तोंड बंद केले की ओल आत कोंडते, तिच्याबरोबरचे क्षार दगडाच्या वरच्या थरात साठतात आणि त्या थराचे पापुद्रे सुटू लागतात. आपण ज्यास लोणा लागणे म्हणतो, तोच हा प्रकार. ओल आहे की नाही, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर रात्रभर डकवून ठेवावा. सकाळी कागदाच्या आतल्या अंगास पाण्याचे थेंब दिसले वा दगड काळपट झाला, तर त्या फरशीवर कोणताही लेप देऊ नये.

आमची फरशी आम्ही 2018 च्या जानेवारीत दुरुस्तीस घेतली. ऋतूची निवड महत्त्वाची आहे. घासाईला पाणी पुष्कळ लागते व नंतर फरशी पूर्ण वाळावी लागते. शिवाय चातुर्मासात जीवोत्पत्ती अधिक असल्याने असली कामे त्या काळात काढणे आपणांस शोभतही नाही. मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ उत्तम. राजस्थानातून येऊन येथे स्थायिक झालेला एक अनुभवी मिस्त्री आम्हांस लाभला. त्याने यंत्र आणण्यापूर्वी दोन दिवस केवळ लाकडी हातोडीने एकेक फरशी ठोकून पाहिली. भरीव फरशीचा नाद खणखणीत येतो, खालून सुटलेलीचा बद्द येतो. आमच्याकडे अशा एकवीस फरश्या निघाल्या. त्या उचलून, खालची जुनी खडी साफ करून, मसाल्यावर पुन्हा बसविल्या आणि मसाला पक्का होण्यास दहा दिवस जाऊ दिले. पोकळ फरशीवर यंत्र फिरविले तर ती मधोमध तडकते. हे दहा दिवस वाचविण्याचा मोह कोणीही धरू नये.

त्यानंतर सांधे. यांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांचे खरे हिताहित येथेच आहे. सांधे उघडे पडले की त्यांत धान्याचा चुरा, पीठ व कोंडा साठतो, आणि तेथे सोंडे, अळ्या इत्यादी जीव वास करतात. खापरा भुंगेऱ्याच्या अळ्या तर अशा फटींतून अन्नावाचून दीर्घकाळ, प्रसंगी वर्षानुवर्षे तग धरून राहतात. वखार रिकामी करून झाडली तरी त्या हलत नाहीत, आणि नवा माल आला की त्यात शिरतात. मग औषधे फवारा, धुरीच्या गोळ्या ठेवा, असा क्रम सुरू होतो. व्यापाऱ्याचा माल जातो. आणि जैनाच्या पदरी हिंसा येते, जी टाळता आली असती. आम्ही सर्व सांधे बोथट पट्टीने व मऊ कुंच्याने उकरविले, निघालेला चुरा त्यातील जीवांसह सुपात घेऊन मागील परसात सावलीत ठेविला, आणि मग सिमेंटात शहाबादीचीच भुकटी मिसळून सांधे काठोकाठ भरविले. भुकटीमुळे सांध्याचा रंग दगडाशी मिळून जातो. तेव्हापासून आमच्या तळघरात कीड मुळीच लागत नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पूर्वी वर्षातून जितक्यांदा धुरी द्यावी लागे, तीत निम्म्याने घट झाली आहे.

घासाई पाण्यावरच करवावी. कोरड्या घासाईत उडणारी धूळ कामगारांच्या फुप्फुसांत जाते. ग्रॅनाइटची धूळ तर गारेची, आणि तिच्यापासून होणारा फुप्फुसांचा रोग बरा होत नाही. दुसरीकडे, ओल्या जागेत विजेचे यंत्र चालणार म्हणून गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण जोडणीवर असलेच पाहिजे, आणि वायर पाण्यात लोळू देता कामा नये. पाणी गाळून घ्यावे, हे आपणांस सांगावयास नकोच. घासाईचा पांढरा रेंदा मोरीत सोडू नये. तो खाली बसून दगडासारखा घट्ट होतो व मोरी तुंबते. आम्ही तो जुन्या गोणपाटांत भरून वाळविला व भरावास टाकला.

यंत्र 60 पासून सुरू करावे, असा मिस्त्र्याचा आग्रह नव्हता. ॲसिडने खाल्लेल्या जागी तेवढा त्याने तो लावला. इतरत्र 120 पासून आरंभ केला. जितके कमी घासून काम भागेल तितके उत्तम, कारण फरशीची जाडी काही परत येत नाही. मग 220, मग 400. येथे तो थांबला व आम्हांस म्हणाला की, आरसा हवा असल्यास पुढे 3000 पर्यंत नेतो, पण धान्याच्या पेढीवर नेऊ नये असे त्याचे मत आहे. 400 वर दगड गुळगुळीत होतो, त्याचा रंग खुलतो, त्यावर मंद तेज येते, आणि तरीही ओल्या पायाला थोडी पकड राहते. आम्ही दिवाणजींचा प्रसंग त्यास सांगितला नव्हता. ज्या जागी पाणी येण्याचा संभव नाही, उदाहरणार्थ वरच्या मजल्यावरील कचेरी वा सभागृह, तेथे अधिक तेज आणण्यास हरकत नाही. दार, जिना, मोरीजवळची जागा व माल उतरविण्याचा धक्का येथे मात्र 220 ते 400 हीच मर्यादा समजावी. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांस तर टाकीने दोन उथळ खाचा पाडून घ्याव्यात.

संगमरवरास शेवटी ऑक्झॅलिक पावडर लावण्याची पद्धत आहे. तिने चकाकी येते हे खरे, परंतु ती विषारी असल्याने हातमोजे वापरावेत, मुलांपासून ती दूर ठेवावी आणि नंतर फरशी स्वच्छ धुवावी. खाद्य मालाच्या पेढीवर आम्ही ती वापरू दिली नाही.

डागांविषयी आता थोडक्यात. तेलाचा डाग दगडात मुरलेला असतो; तो घासून निघत नाही, शोषून काढावा लागतो. खडूची भुकटी वा मुलतानी माती साबणाच्या दाट पाण्यात कालवून तिचा अर्धा बोट जाड थर डागावर द्यावा, वर प्लॅस्टिक झाकून एक दिवस ठेवावा, मग प्लॅस्टिक काढून तो थर आपोआप वाळू द्यावा. वाळता वाळता माती तेल ओढून घेते. जुन्या डागास हे तीन-चार वेळा करावे लागते. हळदीचा डाग ऊन लागेल तेथे दिवसेंदिवस आपणच फिका होतो. चिंच, आमसूल, लिंबू, ताक यांचे जे पांढुरके ठसे असतात ते डाग नव्हेत, आम्लाने खाल्लेली जागा आहे; ती घासाईनेच जाते. म्हणून चिंचेची पोती लाकडी फळ्यांवर ठेवावीत व लोखंडी वजनांखाली रबराचा तुकडा असावा.

दैनंदिन निगेस खर्च जवळजवळ नाही. प्रथम मऊ केरसुणीने कोरडे झाडावे, मगच ओल्या फडक्याने पुसावे. न झाडता पुसणे म्हणजे ओल्या वाळूने फरशी घासणे होय. पुसण्याच्या पाण्यात सौम्य साबण अगदी थोडा घालावा व नंतर साध्या पाण्याचे फडके फिरवावे. फिनेल रोज वापरू नये, आणि रॉकेल तर मुळीच नको. दोहोंचा पातळ तवंग मागे राहतो, त्यावर धूळ चिकटते व फरशी काळवंडते. धुण्याच्या सोड्याचे क्षार दगडाच्या छिद्रांत साठतात. दारात निदान पाच-सहा फूट लांबीचा काथ्याचा पायपुसणा असावा. तो रोज बाहेर झटकला नाही, तर तोच वाळूचे कोठार बनतो. हातगाड्यांस रबरी चाके बसवावीत. हमालांस पोती ओढू नका असे सांगण्यापेक्षा त्यांस चांगली गाडी द्यावी. आम्ही वीस वर्षे सांगत होतो, कोणी ऐकले नाही. गाडी आणली त्या दिवसापासून ओढणे बंद झाले.

खर्चाविषयी विचारणा होते म्हणून सांगतो. फरश्या पुन्हा बसविणे, सांधे व घासाई मिळून आम्हांस जो खर्च आला, तो नव्या टाइल्सच्या मिळालेल्या दरपत्रकाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी होता. शिवाय सुमारे एक इंच जाडीची दगडी फरशी पुन्हा अनेकदा घासता येते. टाइलचा वरचा थर एकदा झिजला की ती काढून टाकावी लागते. टाइल सर्वत्र वाईट, असे आमचे म्हणणे नाही. ज्या वखारीत मूळ फरशीच तुकडे होऊन गेली आहे, तेथे ती बसविणे योग्यच.

आपल्या संस्थेच्या इमारतीची फरशी आम्ही मिस्त्र्यासह पाहिली. दारापासून जिन्यापर्यंतच्या पट्ट्यात नऊ फरश्या पोकळ वाजतात, दक्षिणेकडील भिंतीलगत ओल आहे व तेथे लोणा लागला आहे. बाकी दगड शाबूत आहे. कार्यकारिणीच्या अनुमतीने जिन्याखालील कोपऱ्यात चार फरश्या नमुना म्हणून 400 पर्यंत घासून ठेवल्या आहेत, व त्यांपैकी दोहोंवर रोज पाणी शिंपडण्यास पहारेकऱ्यास सांगितले आहे. सभासदांनी येता-जाता त्यांवर अनवाणी उभे राहून पाहावे आणि आपले मत सर्वसाधारण सभेपूर्वी चिटणिसांकडे लेखी द्यावे.